घरी टीव्ही आहे? परवाना दाखवा!

आमच्या शेजारी राहणारा अनिकेत आठवीत शिकतो. त्याची ताई पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेली आहे. एका संध्याकाळी अनिकेत मोबाईल नाचवत आमच्याकडे आला. ताईने तिला आलेल्या एका पत्राचा फोटो पाठवला होता. 'आपल्या पत्त्यावर टीव्हीच्या परवान्याची नोंद नाही. आपणांस परवाना लागतो किंवा नाही ते कळवावे,' असा त्या पत्राचा आशय होता.

"काका, टीव्ही म्हणजे काय बंदूक आहे? त्याला कसला परवाना?" अनिकेतचा पहिला प्रश्न.

त्याच्या मागोमाग त्याचे आजोबाही आले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून एक लहानसे, कडा झिजलेले पुस्तक काढून टेबलावर ठेवले. आत प्रत्येक पानावर टपाल कचेरीचे शिक्के होते आणि तिकिटे चिकटवलेली होती. "हा आमच्या रेडिओचा परवाना. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि शिक्का मारून आणायचा. विसरलात तर वर दंड!" आजोबा म्हणाले.

अनिकेत पाहतच राहिला. मग त्याने तीन प्रश्न विचारले. नुसते ऐकायला किंवा पाहायला परवाना का लागावा? घराचे दार बंद असताना आत टीव्ही चालू आहे हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार? आणि ताईला पैसे भरावे लागणार का?

विद्यार्थी मित्रहो, या तीन प्रश्नांत थोडा इतिहास आहे, थोडा नागरिकशास्त्राचा धडा आहे आणि पुष्कळसे भौतिकशास्त्र आहे. चला, एकेक पाहू.

परवाना आला कोठून?

बिनतारी संदेशवहनाचा शोध लागला तेव्हा त्याचा उपयोग मुख्यतः जहाजांना आणि सैन्याला होता. रेडिओवर गाणी ऐकायची कल्पनाही त्या वेळी कोणाच्या मनात नव्हती. हवेतून कोण कोणाला काय सांगतो आहे, यावर सरकारला नजर ठेवायची होती. म्हणून ब्रिटनमध्ये १९०४ साली कायदा झाला आणि बिनतारी यंत्र बाळगायचे तर टपालखात्याची परवानगी घ्यावी लागू लागली. मग ते यंत्र संदेश पाठवणारे असो वा नुसते घेणारे असो.

पुढे १९२२ च्या नोव्हेंबरात बीबीसीचे नभोवाणी कार्यक्रम सुरू झाले. कार्यक्रम करायचे म्हणजे गायक, वादक, वक्ते आणि यंत्रज्ञ यांना पैसे द्यायला हवेत. ते आणायचे कोठून? परवान्याची पद्धत तर हाताशी होतीच. रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येक घराने वर्षाला दहा शिलिंग भरावेत आणि त्यातील निम्मी रक्कम बीबीसीला मिळावी, असे ठरले. आता गंमत पाहा. परवाना जन्माला आला तो नजर ठेवण्यासाठी, पण वाढला तो वर्गणी म्हणून!

दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या जूनमध्ये, ब्रिटनमध्ये टीव्हीचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले आणि टीव्हीसाठी वर्षाला दोन पौंडांचा परवाना आला. रंगीत टीव्हीसाठी १९६८ पासून जास्त पैसे पडू लागले. नुसत्या रेडिओचा परवाना १९७१ साली रद्द झाला, पण टीव्हीचा राहिला. एप्रिल २०२५ पासून त्याचा दर वर्षाला १७४.५० पौंड असा ठरला. कृष्णधवल टीव्हीसाठी तो ५८.५० पौंड. परवाना लागत असून तो घेतला नाही आणि न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला, तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी शिकायला गेलेल्या मुलीला ही रक्कम काही थोडीथोडकी नव्हे!

आजोबांचे पुस्तक

आपल्याकडे ही पद्धत आली ती इंग्रजांच्या मागोमागच. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याला नभोवाणी केंद्र सुरू झाले. ती चालवणारी एक खासगी कंपनी होती. रेडिओच्या परवान्याला वर्षाला दहा रुपये पडत आणि त्यातील ८० टक्के रक्कम कंपनीला मिळे. पण रेडिओ महाग, आणि त्या काळी दहा रुपये म्हणजे मोठी रक्कम. सगळ्या देशात परवाने निघाले ते जेमतेम आठ हजारांच्या आत! एवढ्या पैशांत दोन केंद्रे कशी चालणार? १९३० साली कंपनीने हात टेकले आणि सरकारने ती केंद्रे आपल्याकडे घेतली. त्यांतूनच १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पुढे आले.

१९३३ साली आपल्याकडे भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा झाला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हादेखील त्याने गुन्हा ठरला. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरही रेडिओ आणला की पाठोपाठ परवान्याचे पुस्तक येई. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुणेकरांनाही ते दिसू लागले. मग टीव्हीचाही परवाना आला. १९७० नंतरच्या दशकात रेडिओला वर्षाला पंधरा रुपये आणि टीव्हीला पन्नास रुपये पडत.

"तपासनीस घरी आला तर पुस्तक दाखवावे लागे," आजोबांनी सांगितले. "रेडिओ कपाटात लपवता येई. टीव्ही लपवणार कसा? गच्चीवर अँटेना उभी!"

१९६७ पासून विविध भारतीवर आणि १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या. त्यांचे उत्पन्न वाढत गेले. उलट, गावोगावी पसरलेल्या लाखो संचांची नोंद ठेवणे, शिक्के मारणे, तपासणी करणे हे काम डोईजड होऊ लागले. अखेर १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर आपल्याकडील रेडिओचे आणि टीव्हीचे परवाने रद्द झाले. आजोबांचे पुस्तक तेव्हापासून पेटीत पडले, ते अनिकेतच्या प्रश्नाने बाहेर आले.

बंद दारामागचा टीव्ही

आता दुसरा प्रश्न. गच्चीवर अँटेना नसेल आणि पडदे ओढलेले असतील, तर आत टीव्ही चालू आहे हे बाहेरून ओळखता येईल का?

१९५२ साली ब्रिटनच्या टपालखात्याने एक मोटारगाडी रस्त्यावर आणली. तिच्या छपरावर तारेची मोठी वेटोळी बसवलेली होती. ही गाडी रस्त्याने सावकाश जाई आणि कोणत्या घरात टीव्ही चालू आहे ते आतल्या माणसाला कळे. ही जादू नव्हे. तुमच्या पुस्तकातल्या विद्युतचुंबकत्वाच्या धड्यातलीच ही गोष्ट आहे.

जुन्या, पोट मोठे असलेल्या टीव्हीत एक काचेची चित्रनलिका असे. तिच्या मागच्या टोकापासून इलेक्ट्रॉनांचा झोत निघून पुढच्या पडद्यावर आदळे आणि तेथे ठिपका चमके. हा ठिपका डावीकडून उजवीकडे सरकत एक ओळ आखी, झटकन मागे येई, खालची ओळ आखी. आपण वही लिहितो तसेच! अशा शेकडो ओळी मिळून एक चित्र होई आणि एका सेकंदात अशी २५ चित्रे उमटत.

झोताला असे पळवणार कोण? नलिकेच्या मानेभोवती तारेची वेटोळी बसवलेली असत. त्यांतून वाहणारा विद्युत्प्रवाह सारखा कमीजास्त होई. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र बदले आणि झोत इकडून तिकडे वळे. ब्रिटनच्या त्या वेळच्या पद्धतीत एका चित्रात ४०५ ओळी होत्या. आता गुणाकार करा: ४०५ × २५ = १०,१२५. म्हणजे त्या वेटोळ्यांतील चुंबकीय क्षेत्र सेकंदाला १०,१२५ वेळा हेलकावत असे. आपल्याकडे ६२५ ओळींची पद्धत होती. तिचा आकडा तुम्हीच काढा. ६२५ × २५ = १५,६२५ येतो ना? ज्यांनी जुना टीव्ही पाहिला आहे त्यांना त्याची ती बारीक शिट्टी आठवत असेल. ती याच कंपनांची. लहान मुलांना ती ऐकू येई, आजोबांना नाही. वय वाढले की इतका उंच स्वर कानाला कळत नाही.

चुंबकीय क्षेत्राला विटांची भिंत अडवत नाही. टीव्हीतल्या वेटोळ्यांचे हेलकावणारे क्षेत्र भिंतीतून बाहेर येई. ते गाडीच्या वेटोळ्यांतून गेले की फॅरडेच्या नियमाप्रमाणे त्यांत अत्यल्प विद्युत्प्रवाह निर्माण होई. दोन वेटोळ्यांतील संकेतांची तुलना केली की टीव्ही डावीकडच्या घरात आहे की उजवीकडच्या, तेही समजे.

मात्र या युक्तीला मर्यादा होती. अशा वेटोळ्याचे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. अंतर दुप्पट केले की ते आठपट कमी, तिप्पट केले की सत्तावीसपट कमी! त्यामुळे घर रस्त्यालगत असले तरच हे जमे.

घेणाराही देतो!

पुढच्या काळातील गाड्यांनी निराळी वाट धरली. ती समजण्यासाठी रेडिओच्या पोटात शिरायला हवे.

आपल्याभोवती एकाच वेळी कितीतरी केंद्रांच्या लहरी असतात. त्यांतून नेमकी हवी ती निवडून मोठी करायची, हे अवघड काम. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने १९१८ च्या सुमारास त्यासाठी एक नामी युक्ती पुढे आणली. ती अशी. संचाच्या आतच एक छोटा आंदोलक बसवायचा. तो स्वतःची एक लहर तयार करतो. बाहेरून आलेली लहर आणि ही घरची लहर एकमेकींत मिसळायच्या. असे केले की दोघींच्या कंप्रतांच्या वजाबाकीइतकी कंप्रता असलेली नवी लहर मिळते. ही वजाबाकी नेहमी एकच येईल अशी व्यवस्था केली, म्हणजे पुढची सगळी यंत्रणा त्या एकाच कंप्रतेसाठी बनवता येते. केंद्र बदलायचे झाले की फक्त आंदोलकाची कंप्रता बदलायची. या पद्धतीला सुपरहेट्रोडाइन म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडील जुन्या टीव्हीच्या चॅनेल ४ वर चित्राची लहर ६२.२५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेची असे. संचातील आंदोलक १०१.१५ मेगाहर्ट्‌झची लहर तयार करी. वजाबाकी करा: १०१.१५ − ६२.२५ = ३८.९. ही ३८.९ मेगाहर्ट्‌झची लहर पुढे जाऊन तिचे चित्र होई.

आता मर्म लक्षात घ्या. आंदोलक हा स्वतः एक चिमुकला प्रक्षेपकच असतो. त्याची लहर संचातच राहावी अशी काळजी घेतात, तरी तिचा थोडासा अंश अँटेनाच्या तारेवाटे बाहेर पाझरतो. म्हणजे जो संच नुसता घेतो आहे असे आपल्याला वाटते, तो कणभर देतही असतो! बाहेर उभ्या असलेल्या गाडीने १०१.१५ मेगाहर्ट्‌झची क्षीण लहर पकडली, तर आत टीव्ही चालू आहे एवढेच नव्हे, तर तो चॅनेल ४ वर लावला आहे हेही कळले. १९६३ पासूनच्या ब्रिटिश गाड्या याच पाझराचा माग काढत.

हा पाझर केवळ परवान्यापुरता महत्त्वाचा नाही. विमानात ट्रान्झिस्टर लावू नये असा नियम आहे, तो का? एफएम रेडिओतील आंदोलक सामान्यतः केंद्राच्या कंप्रतेहून १०.७ मेगाहर्ट्‌झ वर चालतो. तुम्ही १००.७ मेगाहर्ट्‌झचे केंद्र लावलेत, तर आंदोलक १११.४ मेगाहर्ट्‌झवर चालेल. आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या संकेतांसाठी राखून ठेवलेला आहे. तुमचे गाणे वैमानिकाच्या वाटेत यायचे!

करून पाहा

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून एक सोपा प्रयोग सांगतो. त्यासाठी मध्यम लहरींवर चालणारे, काटा फिरवून केंद्र लावायचे दोन जुने ट्रान्झिस्टर हवेत. आजीआजोबांच्या माळ्यावर शोधा, सापडतील. नव्या, आकडे दाखवणाऱ्या कित्येक संचांची आतली रचना वेगळी असते, त्यांच्यावर हा प्रयोग जमेलच असे नाही.

रात्रीची वेळ निवडा, कारण तेव्हा दूरची केंद्रे लागतात. एका रेडिओवर १००० ते १५०० किलोहर्ट्‌झच्या दरम्यान एखादे क्षीण केंद्र लावा. याला 'आ' म्हणू. दुसरा रेडिओ 'अ' त्याच्या शेजारी अगदी जवळ ठेवा आणि त्याचा आवाज पूर्ण बंद करा. आता 'आ' च्या आकड्यातून ४५५ वजा करा. 'आ' १०५५ च्या आसपास असेल तर उत्तर ६०० येईल. 'अ' चा काटा ६०० च्या आसपास अगदी हळूहळू फिरवा.

'आ' मधून एक शिट्टी ऐकू येऊ लागेल! काटा फिरवाल तसा तिचा स्वर खाली उतरेल, नाहीसा होईल आणि पुन्हा चढेल. 'अ' चा आवाज तर बंद आहे, मग ही शिट्टी कोठली? मध्यम लहरींच्या रेडिओतील आंदोलक बहुधा केंद्राहून ४५५ किलोहर्ट्‌झ वर चालतो. 'अ' मधील त्या लहरीचा पाझर 'आ' पर्यंत पोहोचला आणि तेथे केंद्राच्या लहरीशी त्याची वजाबाकी झाली. ती वजाबाकी म्हणजेच शिट्टी. 'अ' बंद करा, शिट्टी गेलीच पाहिजे. मग दोघांमधील अंतर वाढवत न्या आणि किती पावलांवर शिट्टी ऐकू येईनाशी होते ते वहीत लिहा.

म्हणजे काय झाले? 'अ' हा परवाना नसलेला संच, आणि तुम्ही 'आ' घेऊन त्याचा माग काढणारे तपासनीस!

एक सूचना मात्र पाळा. जुन्या टीव्हीचे मागचे झाकण कधीही उघडू नका. टीव्ही बंद असला तरी चित्रनलिकेवर हजारो व्होल्टचा दाब साठून राहिलेला असू शकतो.

गाडी की बुजगावणे?

अनिकेतने हे सगळे ऐकले आणि विचारले, "म्हणजे ताईच्या घरासमोर अशी गाडी येऊन उभी राहणार?"

याचे उत्तर देताना नव्या टीव्हीकडे पाहायला हवे. सपाट पडद्याच्या टीव्हीत चित्रनलिका नाही, झोत वळवणारी वेटोळी नाहीत. त्यामुळे पहिली खूण गेली. आंदोलकाचा पाझरही आताच्या बंदिस्त रचनेत फार कमी असतो, त्यामुळे दुसरी खूण पुसट झाली. उरला तो प्रकाश. पडदा सारखा उजळतो आणि मंदावतो, आणि त्याचा उजेड पडद्याआडूनही खिडकीवर हलताना दिसतो. त्या चढउताराची तुलना त्याच क्षणी चाललेल्या कार्यक्रमाशी केली, तर आत काय पाहिले जात आहे हे तत्त्वतः ताडता येते. रात्री रस्त्याने जाताना दोन घरांच्या खिडक्या एकाच तालात उजळताना दिसल्या, तर दोन्ही घरांत एकच सामना चालू आहे हे तुम्हीही ओळखाल.

पण खरा शोध गाडीने लागत नाही, यादीने लागतो. देशातील सर्व पत्त्यांची एक यादी आणि परवाना घेतलेल्यांची दुसरी. पहिलीतून दुसरी वजा केली की बिनपरवान्याचे पत्ते उरतात आणि त्यांना पत्रे जातात. पुन्हा वजाबाकीच! ताईला आलेले पत्र हे असे वजाबाकीतून आलेले आहे. तिच्या खोलीत टीव्ही आहे, असे त्या पत्रावरून सिद्ध होत नाही. टीव्ही विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता कळवलाच पाहिजे, असाही ब्रिटनमध्ये कायदा होता. तो २०१३ साली रद्द झाला.

शेतातल्या बुजगावण्याला पाखरे भितात, तसाच त्या गाड्यांचा निम्मा उपयोग धाक बसवण्यासाठी होता. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. घरातला माणूस बंद दारामागे काय पाहतो हे यंत्राने जाणून घेणे, ही गंभीर बाब आहे. यंत्राला करता येते म्हणून ते करावे, असे नाही. म्हणून ब्रिटनमध्ये २००० सालच्या एका कायद्याने अशा तपासावर बंधन आले आणि त्यासाठी आधी रीतसर मंजुरी घेणे आवश्यक झाले.

लहर कोणाची?

आता अनिकेतच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. लहरी तर आपणहून आपल्या घरात येतात. मग त्या घेतल्या म्हणून पैसे का द्यायचे?

एक हिशेब करू. समजा, एक प्रक्षेपक दहा हजार वॉट शक्तीची लहर सर्व दिशांना सारखी फेकतो आहे. वीस किलोमीटरवर ती शक्ती एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर पसरलेली असेल. त्याचे क्षेत्रफळ ४π गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे सुमारे पाचशे कोटी चौरस मीटर. भागाकार केला की एका चौरस मीटरवर येते एका वॉटचा सुमारे पाच लाखावा भाग! तुमच्या अँटेनाने त्यातला चिमूटभर घेतला तरी शेजाऱ्याच्या टीव्हीला काही कमी पडत नाही. पाण्याच्या नळासारखे हे नाही. तुम्ही हंडा भरलात म्हणून दुसऱ्याचा रिकामा राहत नाही.

पण लहर फुकट असली, तरी तिच्यावर बसून आलेला कार्यक्रम फुकट होत नाही. देवळातल्या कीर्तनाचे उदाहरण घ्या. दहा माणसे बसली काय आणि दोनशे बसली काय, बुवांचे श्रम तेवढेच. कोणालाही बसून ऐकता येते. पण बुवांची बिदागी कोठून तरी यायलाच हवी. ती कशी देता येईल?

गावातल्या प्रत्येक घराकडून ठरावीक वर्गणी घ्यायची, ही झाली परवान्याची पद्धत. यात बुवा कोणा एकाचे मिंधे राहत नाहीत, पण श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच भार पडतो. एखाद्या दुकानदाराने बिदागी द्यायची आणि बुवांच्या मागे आपली पाटी लावायची, ही जाहिरातींची पद्धत. यात ऐकणाऱ्याला पैसे पडत नाहीत, पण कोणते आख्यान लावायचे यात हळूहळू दुकानदाराचा शब्द चालू लागतो. ग्रामपंचायतीने करातून पैसे द्यायचे, ही सरकारी अनुदानाची पद्धत. यात सरपंचाविरुद्ध बोलायला बुवा कचरतील. आणि देवळाची दारे लावून तिकीट ठेवायचे, ही झाली संकेत कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत. पैसे भरणाऱ्याच्याच सेट-टॉप बॉक्सला ते कुलूप उघडता येते. यात हिशेब चोख, पण ज्याच्यापाशी पैसे नाहीत तो बाहेर.

प्रत्येक देशाने यातून आपापली निवड केली. जर्मनीत २०१३ पासून घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला वर्गणी द्यावी लागते. त्यामुळे कोणाच्या घरात डोकावण्याचे कारणच उरले नाही. फ्रान्सने २०२२ साली परवाना रद्द केला. आपल्याकडे सरकारी पैसा आणि जाहिराती यांवर आकाशवाणी-दूरदर्शन चालते, आणि २००४ साली सुरू झालेली दूरदर्शनची फ्री डिश सेवा तबकडी व बॉक्स घेतल्यावर दरमहा पैसे न देता पाहता येते. खासगी वाहिन्यांपैकी पुष्कळ कुलूपबंद असतात.

मग लहरी कोणाच्या? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी एका महत्त्वाच्या निकालात या प्रश्नाचे उत्तर दिले. क्रिकेटच्या सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करायचे यावरून तो वाद होता. न्यायमूर्ती प. बा. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात म्हटले आहे की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती ना सरकारच्या एकट्याच्या मालकीची, ना कोणा धनिकाच्या. तिचा उपयोग सर्वांच्या हितासाठी झाला पाहिजे.

म्हणूनच आजही लहरी घेणे आणि लहरी पाठवणे यांत फरक केला जातो. आपल्या देशात घरी टीव्ही किंवा रेडिओ ठेवायला परवाना लागत नाही. पण स्वतः प्रक्षेपण करायचे असेल, अगदी हौशी 'हॅम' म्हणूनही, तर परवाना हवाच. कारण सगळेच मन मानेल त्या कंप्रतेवर बोलू लागले, तर कोणालाच काही ऐकू येणार नाही.

ताईचे काय?

राहिला तिसरा प्रश्न. ब्रिटनमध्ये नुसता टीव्ही घरी असण्याला परवाना लागत नाही. तो बंद कपाटात ठेवा, त्यावर जुन्या चित्रफिती पाहा, त्याला संगणक जोडून खेळ खेळा, चालेल. परवाना लागतो तो कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम प्रक्षेपित होत असतानाच पाहण्याला किंवा ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्याला, आणि १ सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या 'आयप्लेयर' सेवेवर कार्यक्रम पाहण्याला. मग ते टीव्हीवर पाहा, लॅपटॉपवर पाहा, नाहीतर मोबाईलवर. म्हणजे कायद्याचा प्रश्न 'तुमच्याकडे काय आहे?' असा राहिला नाही. तो 'तुम्ही काय पाहता?' असा झाला.

अनिकेतने लगेच ताईला फोन लावला. तिच्याकडे टीव्ही नव्हता. लॅपटॉपवर ती अभ्यासाची मुद्रित व्याख्याने पाही, इतकेच. "मग परवाना लागत नाही असे त्यांना कळवून टाक," अनिकेत ऐटीत म्हणाला.

"आणि भारताचा सामना चालू असताना लॅपटॉपवर टीव्हीची वाहिनी लावली तर?" पलीकडून ताईने विचारले.

अनिकेत क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तर परवाना हवा. नाहीतर आजोबा सांगतील तो स्कोअर ऐक!"

आजोबा हसले आणि त्यांनी आपले पुस्तक पुन्हा खिशात ठेवले. अनिकेत मात्र जागचा हलला नाही. "काका," तो म्हणाला, "तुमच्याकडे दोन जुने ट्रान्झिस्टर आहेत का हो?"